हातात १७,८५० : देशाच्या रांगेत आपण नक्की कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर म्हणून काम, पगार २०,०००, हातात १७,८५०. नोकरीच्या साइटवर ‘भारतातला सरासरी पगार’ म्हणून याच्या दीडपट-दुप्पट आकडा दिसतो. शेजारचा गवंडी दिवसाला ९०० रुपये घेतो, म्हणजे महिन्याचे २७,००० झाले. मग आपण मागे पडलोय का, देशात साधारण माणूस खरंच किती कमावतो, आणि कमाईत एवढा फरक पडतो कशामुळे?

आधी सरळ उत्तर. देशातल्या सगळ्या कमावत्या माणसांची रांग लावली तर तुम्ही मधल्या माणसाच्या बरेच पुढे आहात. नुसत्या पगारदारांच्या रांगेत सरासरीच्या आसपास आहात. आणि वर्षाचा हिशोब मांडला तर गवंड्याच्याही मागे नाही. हे कसं, ते सविस्तर सांगतो, कारण या सगळ्या ठिकाणी तुलना करताना एकच चूक होते : वेगवेगळ्या मापाने मोजलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवले जातात.

पहिलं माप सरासरीचं. कुपवाडसारख्या ठिकाणचं एक लहान मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. अकरा माणसं. मॅनेजर ९०,०००, सुपरवायझर ३८,०००, सेटर २६,०००, व्हीएमसी ऑपरेटर २१,०००, वेल्डर १९,०००, दोन ऑपरेटर १७,००० प्रमाणे, आणि चार हेल्पर १३,००० प्रमाणे. बेरीज २,८०,०००. अकराने भागा, सरासरी येते सुमारे २५,४५०. या अकरांतले सरासरीच्या वर किती? तिघंच. आता त्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं करा आणि सहावा माणूस बघा. त्याचा पगार १७,०००. हा झाला मध्यक. मॅनेजरचा पगार उद्या दीड लाख केला तर सरासरी एकदम ३०,००० च्या वर जाईल, मध्यक मात्र एक रुपयाही हलणार नाही. कमाईचं वाटप सगळ्या देशांत असंच उजवीकडे शेपूट असलेलं असतं : खाली शून्याची भिंत आहे, वर छत नाही. म्हणून ‘साधारण माणूस किती कमावतो’ या प्रश्नाला सरासरी कधीच उत्तर देत नाही. उत्तर मध्यक देतो. कुठलाही पगाराचा आकडा पुढे आला की पहिला प्रश्न हाच विचारा : हा मधल्या माणसाचा आहे की बेरीज भागून काढलेला?

नोकरीच्या साइटवरचा आकडा तर सरासरीही धड नसतो. तिथे नोंद करणारे बहुतेक शहरातले, पदवीधर, इंग्रजीत अर्ज भरणारे. शिवाय तिथे आकडा असतो सीटीसीचा, म्हणजे मालकाच्या एकूण खर्चाचा, हातात पडणाऱ्या पैशाचा नाही. माधवनगरच्या यंत्रमागावरचा कामगार किंवा मार्केट यार्डातला हमाल त्या साइटवर असण्याचं कारणच नाही. तो आकडा त्या साइटवरच्या लोकांपुरता ठीक आहे, देशाला लावू नका.

देशाचा आकडा हवा असेल तर घरोघर जाऊन गोळा केलेला मुख्य सरकारी स्रोत आहे : राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस. २०१७ पासून ते सलग चालू आहे. त्याआधी रोजगाराची मोठी पाहणी साधारण पाच वर्षांनी एकदा व्हायची, शेवटची २०११-१२ ची. जुन्या पाहण्यांत पगारदार आणि रोजंदारी मजुरांची कमाई विचारत, स्वयंरोजगारवाल्यांची नाही. ती पीएलएफएसमध्ये सुरू झाली. म्हणून २०१७ च्या आधीचे ‘सगळ्या कामगारांच्या कमाईचे’ आकडे कुणी दाखवले तर ते कुठून आणले, हे जरूर विचारा.

२०२३-२४ च्या पाहणीत काम करणाऱ्यांचे तीन ढीग असे होते : ५८.४ टक्के स्वयंरोजगारात, २१.७ टक्के नियमित पगारावर, १९.८ टक्के रोजंदारीवर. यातली पहिली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी : ‘देशाचा सरासरी पगार’ हा शब्द मुळात पाचातल्या एका माणसाबद्दल आहे. बाकी चौघांना पगार हा प्रकारच नाही. आणि शंभरातल्या या ५८ स्वयंरोजगारवाल्यांपैकी सुमारे १९ जण असे आहेत की जे घरच्या शेतात किंवा दुकानात राबतात आणि ज्यांच्या नावावर कमाई शून्य लिहिली जाते. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने आहेत. हे शून्य धरून मध्यक काढला की एक आकडा येतो, वगळून काढला की दुसरा. दोन्ही खरे आहेत, पण कुठला वापरला ते सांगायलाच हवं. माझ्या मते शून्य वगळणं हे काम लपवण्यासारखं आहे. निदान दोन्ही आकडे शेजारी द्यावेत.

आता रुपये. नियमित पगारदाराची महिन्याची सरासरी कमाई जुलै-सप्टेंबर २०१७ मध्ये १६,५३८ रुपये होती, ती एप्रिल-जून २०२४ मध्ये २१,१०३ झाली. रोजंदारीची सरासरी याच काळात दिवसाला २९४ वरून ४३३ वर गेली (यात सरकारी रोजगाराची कामं धरलेली नाहीत). टक्केवारी काढा : पगार सुमारे २८ टक्क्यांनी वाढला, रोजंदारी सुमारे ४७ टक्क्यांनी. आणि याच सात वर्षांत किरकोळ महागाईचा निर्देशांक साधारण ४० टक्क्यांनी वर गेला. म्हणजे मजुराची हजेरी महागाईच्या जरा पुढे राहिली आणि सरासरी पगारदाराच्या पैशाची ताकद घटली. पगाराचा आकडा दरवर्षी वाढतोय पण महिनाअखेर पुरत नाही, ही भावना भ्रम नाही. ती या दोन आकड्यांत दिसते.

तुमचा २०,००० या २१,१०३ च्या शेजारी बसतो. पण २१,१०३ ही सरासरी आहे, आणि तिच्यात सचिवापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळे आले. मधला पगारदार तिच्या खालीच आहे. आणखी एक खूण देतो. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी २०२२ मध्ये विषमतेवर एक अहवाल निघाला होता. त्यात पीएलएफएस २०१९-२० च्या आधारे असं निघालं की महिन्याला २५,००० मिळवणारा माणूस देशातल्या कमावत्यांच्या वरच्या १० टक्क्यांत बसतो. आकडा आज थोडा वर सरकला असेल, पण रांगेचा आकार तोच आहे. सांगलीत पंचवीस हजार मिळवणाऱ्याला आपण मध्यमवर्गातला खालचा समजतो. देशाच्या रांगेत तो वरच्या टोकाजवळ उभा असतो.

आता गवंड्याचा हिशोब. इथे सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून थोडं थांबून बघू.

हजेरी ९०० गुणिले ३० असं कधीच होत नाही. अमावास्येला काम बंद, पावसाळ्यात बाहेरचं काम अडकतं, वाळू-सिमेंट आलं नाही की दिवस खाडा, एक साइट संपून दुसरी मिळेपर्यंत आठवडा रिकामा. वर्षाला २१० दिवस भरले तरी बरं म्हणायचं. २१० गुणिले ९०० म्हणजे १,८९,०००. बाराने भागले की महिन्याला १५,७५०. त्यातून मोटरसायकलचं पेट्रोल आणि थापी-ओळंब्याचा खर्च त्याचाच.

तुमचा हिशोब : बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरतो. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्के म्हणजे १५०, व्यवसाय कर २००. एकूण २,१५० गेले, हातात १७,८५०. तुमचा आकडा बरोबर हाच आहे. (फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी येतात. वर्षाचे २,५०० असे भरतात.) वर्षाचे हातातले २,१४,१००. पीएफचे तुमचे २१,६०० तुमचेच आहेत, गेले नाहीत. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन फंडात जातात आणि ५५० तुमच्या पीएफमध्ये, ते वर्षाला ६,६००. बोनस ७,००० च्या पायावर ८.३३ टक्के या किमान दराने धरला तरी वर्षाला ७,०००. बेरीज २,४९,३००. महिन्याला २०,७८० च्या आसपास. वर पेन्शन, ईएसआयचा दवाखाना आणि ग्रॅच्युइटी वेगळी.

म्हणजे २७,००० विरुद्ध १७,८५० असं दिसणारं चित्र प्रत्यक्षात १५,७५० विरुद्ध २०,७८० आहे. वर्षाला सुमारे ६०,००० चा फरक, आणि तो उलट दिशेने.

पण इथेच थांबलात तर अर्धंच खरं कळेल. आता तास मोजा. गवंड्याचे २१० दिवस, आठ तासांप्रमाणे १,६८० तास. तासाला ११२ रुपये. तुमचे महिन्याला २६ दिवस, आठ तासांप्रमाणे वर्षाला २,४९६ तास. तासाला १०० रुपये. पगारी सुट्ट्या धरल्या तर थोडा वर जाईल, पण गवंड्याच्या तासाला फार तर गाठेल. त्याचा तास तुमच्याइतकाच किंवा जास्त महाग आहे. त्याला कमी पडतात ते दिवस. देशातल्या रोजंदारीवरच्या फार मोठ्या वर्गाचं दुखणं हेच आहे : दर वाईट नसतो, वर्ष अपुरं असतं. आणि तुमचे २०,००० जर बारा तासांच्या शिफ्टचे असतील तर सगळं गणित बदलतं. २६ दिवस बारा तास म्हणजे वर्षाला ३,७४४ तास, आणि तुमचा तास ६७ रुपयांवर येतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, बारा तासांचा ‘ठरलेला पगार’ हा प्रकार त्यासाठी नाही. म्हणून दोन कमायांची तुलना करायची तर तीन आकडे काढा : वर्षाचा, महिन्याला पडणारा आणि तासाला पडणारा. एकाच आकड्यावर कुणी तुलना करत असेल तर विश्वास ठेवू नका.

सीटीसीचं कोडंही याच हिशोबात सुटतं. तुमच्या २०,००० वर मालकाचा पीएफ १,८००, पीएफचे प्रशासन आणि विम्याचे मिळून १५०, ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ६५०, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२०, बोनस सुमारे ५८३. एकूण साधारण २३,९०० होतात. हीच नोकरी जाहिरातीत ‘२४ हजार पॅकेज’ म्हणून येईल आणि घरी १७,८५० च पोचतील. दोघंही खोटं बोलत नाहीत, एक मालकाचा खर्च सांगतो आणि दुसरा कामगाराचा खिसा.

गवंडी आणि ऑपरेटर ही तशी सोपी उदाहरणं. सांगली जिल्ह्यात अशी कामं भरपूर आहेत की ज्यांत ‘महिन्याला किती’ हा प्रश्नच बसत नाही, आणि राष्ट्रीय आकड्यांतला गोंधळ इथूनच येतो.

ऊसतोड घ्या. जत-आटपाडीच्या बाजूचे मजूर तोडीला जातात, आणि बीडकडच्या टोळ्या इथल्या कारखान्यांवर येतात. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांवर गेला. आता एक कोयता म्हणजे एक माणूस नाही, नवरा-बायकोची जोडी. जोडीने दिवसात दोन टन तोडले तर ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. पण नोंद बऱ्याचदा नवऱ्याच्या नावावर होते. त्याची कमाई दुप्पट दिसते आणि तिची शून्य. शिवाय पैसा आधीच उचल म्हणून घेतलेला असतो. पाहणीला आलेल्या गणकाने विचारलं, ‘गेल्या सात दिवसांत किती मिळाले?’ तर उत्तर येतं, ‘काहीच नाही, सगळं उचलीत वळतं होतंय.’ चांगला गणक तिथे थांबत नाही. किती टन झाले ते विचारून कमाई काढतो, कारण मोजायची असते ती कमावलेली रक्कम, हातात आलेली नव्हे.

मार्केट यार्डातल्या हमालाचं पोत्यावर चालतं. हळदीचा हंगाम फेब्रुवारीपासून उन्हाळाभर, तेव्हाची कमाई आणि ऑगस्टची कमाई यांचा एकमेकींशी संबंध नसतो. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे नोंदणी झालेल्या हमालाची मजुरी मंडळामार्फत येते आणि मजुरीवर लेव्ही (मालकाने वर भरायची ठरावीक टक्के रक्कम) बसते. पीएफ, बोनस, रजा त्या लेव्हीतून. नोंदणी नसलेला हमाल त्याच गाड्यावर, तेच पोतं उचलतो आणि त्याला यातलं काही नाही. दोघांची पोत्यामागची मजुरी सारखी असली तरी वर्षाची कमाई सारखी नाही.

आणि द्राक्षबागायतदार. त्याला ‘गेल्या तीस दिवसांत किती कमावले?’ असं विचारणं म्हणजे आंब्याला श्रावणात फळ विचारणं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, मधे औषधं, डिपिंग, विरळणीची मजुरी असा खर्चच खर्च, आणि पैसा येतो तो द्राक्ष गेल्यावर किंवा बेदाणा सौद्यात विकल्यावर. पीएलएफएस स्वयंरोजगारवाल्यांना तीस दिवसांचंच विचारतं. वर्षभर वेगवेगळ्या घरी पाहणी होत असल्याने देशपातळीवर हे चढउतार बरेचसे भरून निघतात, पण एका जिल्ह्याच्या, एका तिमाहीच्या शेतकऱ्यांचा आकडा काढून ‘सांगलीचा शेतकरी एवढं कमावतो’ म्हणणं चूक आहे. शेतीसाठी वेगळी पाहणी होते ती जास्त भरवशाची. २०१८-१९ च्या त्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न सरासरी १०,२१८ रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. पिकापेक्षा मजुरीचा वाटा मोठा, हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य. आणि नीट बघा, हा आकडा कुटुंबाचा आहे, माणसाचा नाही. दोन्हींची गल्लत वर्तमानपत्रांतही होते.

अशीच गल्लत दरडोई उत्पन्नाची. राज्याचं २०२२-२३ चं दरडोई उत्पन्न सुमारे अडीच लाख होतं. बाराने भागलं की २१,००० होतात, आणि लोक म्हणतात राज्यात माणशी २१,००० मिळतात. त्या हिशोबाने चौघांच्या घरात वर्षाला दहा लाख यायला हवेत. दरडोई उत्पन्नात कंपन्यांचा नफा, भाडं, व्याज सगळं येतं आणि भागाकार पाळण्यातल्या बाळापर्यंत होतो. त्याचा पगाराशी थेट संबंध लावू नका. त्याच्या उलटही होतं. विटा-खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभरच्या शहरांत सोन्याचांदीची गलाई करतात, म्हणजे ते वितळवून शुद्ध करतात. त्यांची कमाई मोजली जाते ते राहतात त्या शहरात, आणि तिकडून आलेल्या पैशावर उभं राहिलेलं घर दिसतं इथे. गावातली घरं बघून गावातल्या कमाईचा अंदाज बांधला की तो चुकतोच.

फरक पडतो कशामुळे, हेही विचारलं आहे. लोक आधी शिक्षण म्हणतात. शिक्षणाचा वाटा आहेच, पण माझ्या मते त्याला जरा जास्तच श्रेय दिलं जातं. पहिलं कारण गर्दीचं आहे. २०२३-२४ मध्ये देशातले ४६ टक्के कामकरी शेतीत होते आणि देशाच्या उत्पादनमूल्यात शेतीचा वाटा साधारण १८ टक्के. भाकरी तेवढीच आणि पंगत अडीचपट, मग माणशी वाट्याला कमीच येणार. शेतीतला माणूस कमी राबतो म्हणून कमी कमावत नाही.

दुसरं कारण कागदाचं. एकाच शेडमध्ये, एकाच मशीनवर कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार शेजारी उभे असतात आणि पगारात मोठी तफावत असते. संघटित कारखान्यांतही आता दहातले चार कामगार ठेकेदारामार्फतचे आहेत. आणि देशातल्या नियमित पगारदारांपैकी निम्म्याहून अधिकांकडे लेखी करारच नाही. कागद नसला की रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी ही सगळी गळती वर्षाच्या कमाईत दिसते, महिन्याच्या पगारात दिसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत एक चांगली तरतूद आहे : भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. बेसिक ६,००० आणि बाकी सगळे भत्ते अशी स्लिप काढून ग्रॅच्युइटी वाचवण्याची जुनी रीत यामुळे अवघड झाली. मात्र त्याचा परिणाम म्हणून काही ठिकाणी कपात वाढून हातातली रक्कम थोडी घटेल. तो तोटा नाही, पैसे पुढे सरकलेत एवढंच.

तिसरं कारण राज्याचं. ग्रामीण बांधकाम मजुराला २०२२-२३ मध्ये केरळात दिवसाला सरासरी ८५० च्या वर मिळत होते आणि मध्य प्रदेशात २८० च्या आत. काम तेच, विटा त्याच. रोजगार हमीचा दरही २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ३१२ आणि हरियाणात ४०० ठरला होता. मजूर किती मिळतात, गाव सोडून जायची सोय किती, संघटना किती मजबूत, आणि भाव काय आहेत यांवर हे ठरतं. मिरजेत केरळच्या दराने मजुरी मागून चालणार नाही आणि मिरजेचं घरभाडं पुण्याच्या पगाराशी जोडूनही चालणार नाही.

सरकारी नोकरीचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे सगळ्यात खालची पायरीच देशाच्या मधल्या माणसाच्या वर आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्यातली पहिली वेतनश्रेणी १५,००० पासून सुरू होते. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ५५ टक्के महागाई भत्त्यासह ते २३,२५० होत होते, घरभाडं वेगळं. शिपायाच्या एका जागेसाठी पदवीधरांचे ढिगाने अर्ज का येतात, याचं कारण या एका आकड्यात आहे. मुलांना आळशी म्हणण्यापेक्षा हा फरक बघावा.

बाई आणि गडी यांच्या हजेरीतला फरक तर आपल्याकडे उघडपणे बोलला जातो. बायांची हजेरी वेगळी, गड्यांची वेगळी. बागेतली विरळणी किंवा बेदाण्याची निवड यांना लागणारं बोटांचं कसब पुरुष मजुराकडे सहसा नसतं, तरीही दर कमीच. काम ‘बायकांचं’ ठरलं की त्याचा दर खाली येतो. कायद्याने एकाच कामाला एकच वेतन आहे. म्हणून कामालाच वेगळं नाव दिलं जातं.

तुम्हाला स्वतः आकडे काढायचे असतील तर पीएलएफएसचा माणूसवार कच्चा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून मोफत उतरवता येतो. साप्ताहिक स्थितीचा कोड बघून ढीग पाडा : ३१ नियमित पगारदार (आजारपण किंवा रजेमुळे त्या आठवड्यात कामावर नसलेले ७१ आणि ७२), ५१ रोजंदारी, ४१ व ४२ सरकारी कामांवरचे, ११ आणि १२ स्वतःचा धंदा, २१ घरच्या धंद्यातले बिनपगारी. पगार महिन्याचा, मजुरी सात दिवसांची, धंद्याची कमाई तीस दिवसांची. आधी सगळं एका मापावर आणा. मग कमाईप्रमाणे चढत्या क्रमाने लावा आणि शेजारी प्रत्येकाचा भारांक (ती नोंद किती माणसांच्या वतीने मोजायची तो आकडा) बेरजेत चढवत न्या. भारांकांची एकूण बेरीज जिथे निम्मी होते तिथली कमाई हा मध्यक. भारांक न लावता एक्सेलचं मध्यकाचं सूत्र थेट वापरणं ही सर्रास होणारी चूक आहे, कारण नमुन्यातलं एक घर कुठे शंभर घरांच्या वतीने बोलतं आणि कुठे हजारोंच्या.

दुसरी अडचण गोल आकड्यांची. माणूस पगार सांगताना १०,०००, १२,०००, १५,००० असा गोल करून सांगतो. त्यामुळे मध्यक बरीच वर्षं एकाच आकड्यावर अडकून राहतो आणि मग एकदम उडी मारतो. ती उडी म्हणजे पगारवाढ समजू नका. मध्यकाबरोबर खालून दहावा आणि वरून दहावा टक्का कुठे पडतो तेही काढा आणि वरच्याला खालच्याने भागा. रांग किती ताणली आहे ते त्या एका भागाकारात कळतं. आणि जिल्ह्याचा आकडा काढताना हात आखडा. २०२४ पर्यंतचा नमुना राज्यासाठी आखलेला होता. जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक केला आणि घरंही वाढवली, त्यामुळे पुढे सांगलीचा आकडा बरा निघेल. तरी ‘मिरज तालुक्यातल्या महिला वेल्डर’ असा बारीक तुकडा पाडलात आणि हाती तीसच्या आत नोंदी आल्या, तर तो आकडा छापू नका.

शेवटी तुमच्या कामाचं. वरचा सगळा हिशोब तीन गोष्टी गृहीत धरून केलाय, त्या तपासा. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा आणि दर महिन्याला तुमचे १,८००, मालकाचे ५५० आणि पेन्शनचे १,२५० पडतात का ते बघा. स्लिपवर कपात आणि पासबुकात खड्डे, असं लहान युनिटमध्ये होतं, आणि जितक्या लवकर दिसेल तितकं भरून घेणं सोपं. बोनस दिवाळीला मिळाला की ‘पगारातच धरलाय’ असं सांगितलं, ते बघा. शिफ्ट खरंच आठ तासांची आहे का, हे तर तुम्हालाच माहीत.

आणि पगारवाढ मागताना २१,००० ची रेघ ध्यानात ठेवा. सध्या ईएसआयची मर्यादा तिथे आहे. वाढ होऊन पगार २१,५०० झाला तर चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, वर्गणी कापली जाते आणि नंतर तुम्ही योजनेबाहेर जाता. दीड हजाराची वाढ मिळाली आणि घरातल्या चौघांचं दवाखान्याचं छत्र गेलं, तर त्या दीड हजारातून आरोग्य विम्याचा हप्ता भरावा लागेल. मिरजेतल्या खासगी दवाखान्यातलं एक ऑपरेशन अशी वाढ बरीच वर्षं खाऊन टाकू शकतं. म्हणून मागायची तर २३-२४ हजारांची मागा, किंवा त्यासोबत गटविम्याची अट घाला.